प्रौढांना इंग्रजी शिकवायचंय? प्रशिक्षण कसं निवडावं आणि कसं पार पाडावं

इंग्रजी चांगलं येतं, शिकवायची आवड आहे, आणि शाळकरी मुलांपेक्षा नोकरी-व्यवसाय करणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवावं असं वाटतं. एवढं ठरल्यावर कोर्स शोधायला बसलं की सेल्टा, टेफल, टेसॉल, टीकेटी अशी नावं एकदम समोर येतात. प्रत्येक जाहिरात ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ सांगते आणि नक्की कुठे पैसे भरायचे ते कळत नाही. मी सेल्टा केला आणि तेव्हापासून प्रौढांचेच वर्ग घेते आहे. या वाटेवर कुठे काय लागतं आणि माणसं कुठे अडकतात, ते इथे क्रमाने सांगते.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. या प्रशिक्षणात तुमचं इंग्रजी किती भारी आहे हे कोणी तपासत बसत नाही, ते प्रवेशाच्या वेळीच पाहून झालेलं असतं. तुमच्या तासात शिकणारी माणसं किती बोलली, त्यांनी काय केलं आणि तास संपताना त्यांना आधी न येणारं काय यायला लागलं, हे पाहिलं जातं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

१. आधी नावांचा गुंता सोडवा

टेफल आणि टेसॉल ही या क्षेत्राची, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवण्याची, सर्वसाधारण नावं आहेत. त्यांच्यावर कोणाचा मालकी हक्क नाही, त्यामुळे कोणतीही संस्था आपल्या कोर्सला ‘टेफल सर्टिफिकेट’ म्हणू शकते. सेल्टा मात्र केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं ठरावीक प्रमाणपत्र आहे, आणि सर्टटेसॉल ट्रिनिटी कॉलेज लंडन या परीक्षा मंडळाचं. ही दोन्ही इंग्लंडच्या पात्रता-चौकटीत पाचव्या स्तरावर आहेत आणि प्रौढांना शिकवणाऱ्या संस्थांमध्ये साधारण सारखीच धरली जातात.

सेल्टाचं मूळ १९६२ सालात आहे. लंडनच्या इंटरनॅशनल हाउस या भाषाशाळेत जॉन हेक्राफ्ट यांनी शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा छोटा कोर्स सुरू केला. पुस्तकी सिद्धान्त कमी आणि खऱ्या वर्गासमोर उभं राहणं जास्त, असा त्याचा ढाचा होता आणि तो आजही टिकून आहे.

टीकेटी ही केंब्रिजचीच, पण वेगळ्या जातीची परीक्षा. तिचे तीन मुख्य भाग आहेत. प्रत्येक भागात ८० बहुपर्यायी प्रश्न आणि ८० मिनिटं. निकाल बँड १ ते ४ असा लागतो, ४ सर्वांत वरचा. त्यात शिकवून दाखवायचं नसतं. आधीपासून शिकवत असाल आणि शिकवण्याची परिभाषा पक्की करायची असेल तर ती उपयोगी पडते. सेल्टाच्या जागी ती चालेल असं मात्र समजू नका.

डेल्टा आणि डिपटेसॉल हे सातव्या स्तरावरचे, अनुभवी शिक्षकांसाठीचे अभ्यासक्रम आहेत. सुरुवात करताना त्यांचा विचारही नको.

२. एकच प्रश्न विचारा: खऱ्या वर्गासमोर किती तास?

कोर्स निवडताना इमारत, वेबसाइट, सवलत हे सगळं बाजूला ठेवा. मला शिकायला आलेल्या खऱ्या माणसांसमोर किती तास शिकवायला मिळेल, आणि ते तास कोण बघणार आहे, एवढंच विचारा. सेल्टामध्ये किमान १२० तासांचा कोर्स असतो. त्यात निरीक्षणाखाली शिकवण्याचे ६ तास असतात, तेही किमान दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना. शिवाय अनुभवी शिक्षकांचे ६ तास बसून बघायचे असतात. ट्रिनिटीच्या सर्टटेसॉलमध्ये किमान १३० तास, शिकवण्याचे ६ तास आणि इतरांचे वर्ग बघण्याचे ४ तास. दोन्हीकडे बाहेरून तपासनीस येतो, म्हणजे केंद्राने आपल्याच मनाने पास करून टाकलं असं होत नाही.

सापळा इथेच आहे. ‘१२० तासांचा ऑनलाइन टेफल’ अशा जाहिराती पुष्कळ दिसतात. तासांचा आकडा सेल्टासारखाच, पण आत फक्त व्हिडिओ आणि प्रश्नमंजूषा. एकाही माणसाला शिकवायचं नसतं. नोकरी देताना जो विचारतो तो नेमकं हेच विचारतो, आणि तिथे ते प्रमाणपत्र लंगडं पडतं. मान्यतेचा दावा तपासायचा असेल तर केंब्रिज आणि ट्रिनिटी आपल्या केंद्रांची यादी स्वतःच देतात. इंग्लंडच्या ऑफक्वाल या नियामक संस्थेची नोंदवहीही सर्वांना खुली आहे. केंद्राचं नाव यादीत नसेल तर पैसे भरू नका.

ऑनलाइन म्हटलं की सगळंच वाईट, असंही नाही. सेल्टा पूर्णपणे ऑनलाइनही होतो. फरक एवढाच की तिथे पडद्यावर का होईना, समोर खरी माणसं असतात आणि ट्यूटर, म्हणजे कोर्सचा प्रशिक्षक, तास बघत असतो. पुढे ऑनलाइनच शिकवायचं असेल तर हा पर्याय उलट सोयीचा. वर्गात शिकवायचं असेल तर माझं मत प्रत्यक्ष वर्गाच्या बाजूने आहे, कारण फळा, बाकांची मांडणी आणि वर्गात फिरत कानोसा घेणं या गोष्टी पडद्यावर शिकता येत नाहीत.

पूर्णवेळ कोर्स चार ते पाच आठवड्यांत संपतो, अर्धवेळ काही महिने चालतो. पूर्णवेळ करणार असाल तर त्या आठवड्यांत दुसरं काहीही हातात घेऊ नका. संध्याकाळी थोडं ऑफिसचं काम करू, असा विचार करून आलेली माणसं दुसऱ्या आठवड्यात दमलेली दिसतात. नोकरी सोडता येत नसेल तर सरळ अर्धवेळ करा, त्यात काही उणं नाही.

३. अर्ज, कागदपत्रं आणि मुलाखत

साधारण एवढी तयारी लागते:

- ओळखपत्राची किंवा पासपोर्टची प्रत
- उच्च शिक्षणाला प्रवेश मिळेल इतकं शिक्षण झाल्याचा दाखला. पदवी असेल तर तिची प्रत
- आजवरच्या शिक्षणाची आणि कामाची थोडक्यात माहिती
- इंग्रजीच्या पातळीचा पुरावा. काही केंद्रं परीक्षेचा निकाल मागतात, काही मुलाखतीतच अंदाज घेतात
- मुलाखतीआधी सोडवायची लेखी प्रश्नावली

वय किमान १८ हवं. इंग्रजीची पातळी युरोपीय चौकटीप्रमाणे (ए१ म्हणजे नवशिके, सी२ सर्वांत वरची) सी२ किंवा वरच्या टोकाची सी१ अपेक्षित असते. मातृभाषा कोणती, याची अट नाही. इंग्रजी शिकून मिळवलेल्या माणसाने इथे बिचकायचं कारणच नाही. व्याकरण समजून घ्यायला लागलेला घाम त्याला आठवत असतो आणि शिकणारा कुठे अडखळेल हे त्याला आधीच दिसतं. ज्यांना इंग्रजी जन्मापासून येतं त्यांना पुष्कळदा एखादं वाक्य बरोबर का आहे हेच सांगता येत नाही.

प्रश्नावलीत बहुधा चुकीची वाक्यं देऊन चूक काय, का आणि कशी दुरुस्त कराल हे विचारतात. किंवा दोन जवळची वाक्यं देऊन अर्थातला फरक विचारतात. उत्तरं शोधायला पुस्तकं वापरायची मुभा असते, पण लिहायचं स्वतःच्या शब्दांत. मुलाखतीत त्याच उत्तरांवर बोलणं होतं, आणि दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहून घेतलेलं उत्तर तिथे दोन प्रश्नांत उघडं पडतं. मुलाखत घेणाऱ्याला आणखी एक गोष्ट बघायची असते: तुम्हाला एखादी दुरुस्ती सुचवली तर तुम्ही ती ऐकता की वाद घालता. पूर्ण कोर्स रोजच्या सूचनांवर चालतो, त्यामुळे या गोष्टीला फार महत्त्व आहे.

४. कोर्स सुरू होण्याआधी

तीन गोष्टी करून ठेवा. काळांचं व्याकरण शिक्षकाच्या नजरेने वाचा, म्हणजे नाव, रचना, अर्थ आणि कोणत्या प्रसंगी वापरतात ते. उच्चारांची चिन्हं ओळखायला शिका. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारा स्वर श्वा (‘अबाउट’च्या सुरुवातीचा पुसट ‘अ’), तो निदान ऐकू यायला हवा. आणि शक्य असेल तर कोणाचा तरी प्रौढांचा वर्ग मागे बसून पाहून या.

साधनं फार लागत नाहीत. लॅपटॉप, प्रिंटरची सोय, वहीएवढा छोटा पांढरा फळा, चिठ्ठ्या कापायला कात्री आणि काटा असलेलं साधं घड्याळ. फोनवर वेळ बघू नका, वर्गाला वाटतं तुम्ही मेसेज बघताय.

५. टीचिंग प्रॅक्टिस: कोर्सचा गाभा

याला सगळे टीपीच म्हणतात. साधारण चार-सहा प्रशिक्षणार्थींचा गट असतो. शिकायला आलेले लोक तेच राहतात, तुम्ही आळीपाळीने चाळीस-पन्नास मिनिटं शिकवता, बाकीचे मागे बसून टिपणं काढतात. ट्यूटर दाराजवळच्या कोपऱ्यात असतो आणि त्याची नजर तुमच्यापेक्षा शिकणाऱ्यांवर जास्त असते.

लेसन प्लॅनमध्ये तासाचं उद्दिष्ट, टप्पे, प्रत्येक टप्प्याची मिनिटं, कोण कोणाशी बोलणार, अडचण कुठे येईल आणि त्यावर उपाय काय, हे सगळं लिहायचं असतं. उद्दिष्ट शिकणाऱ्यांच्या बाजूने लिहा. ‘मी भूतकाळ शिकवणार’ हे उद्दिष्ट होत नाही. ‘तास संपेपर्यंत शिकणारे आपल्या मागच्या सुट्टीबद्दल साधा भूतकाळ वापरून बोलू शकतील’, हे झालं. वाक्य असं मांडलं की प्लॅनमधला फापटपसारा आपोआप गळतो.

सूचना देणं ही सगळ्यात कमी लेखली जाणारी गोष्ट. नवा शिक्षक असं सुरू करतो: ‘ओके, सो नाऊ व्हॉट आय वुड लाइक यू टू डू इज, इफ यू कॅन जस्ट टर्न टू युवर पार्टनर...’ समोर ए२ पातळीचा वर्ग असतो. पहिल्या पाच शब्दांतच अर्धे हरवलेले असतात. त्याऐवजी कागद हातातच धरून दाखवा आणि म्हणा: ‘रीड. क्वेश्चन वन ओन्ली. टू मिनिट्स. डोन्ट राइट.’ मग एकाला विचारा, ‘आर यू रायटिंग?’ तो ‘नो’ म्हणाला की कागद वाटा. आधी कागद वाटला तर सगळे वाचायला लागतात आणि तुमचं ऐकायला कोणी उरत नाही. सूचना आदल्या रात्री शब्दन्‌शब्द लिहून काढा. पहिल्या तीन-चार टीपीला हे करणारे आणि न करणारे यांच्यातला फरक मागच्या बाकावरून स्वच्छ दिसतो.

दुसरं म्हणजे अर्थ समजला का, ते तपासणं. ‘डू यू अंडरस्टँड?’ हा प्रश्न कायमचा विसरा. मोठं माणूस चारचौघांत ‘मला नाही कळलं’ म्हणत नाही, मान डोलावतं. समजा तुम्ही ‘शी हॅज लिव्ह्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ हे वाक्य शिकवताय. फळ्यावर एक आडवी रेघ काढा, तीन वर्षांपूर्वीचा बिंदू आणि ‘नाऊ’चा बिंदू दाखवा. मग विचारा: ‘डज शी लिव्ह हिअर नाऊ?’ येस. ‘डिड शी कम हिअर लास्ट इयर?’ नो. ‘व्हेन?’ थ्री इयर्स अगो. या प्रश्नांना सीसीक्यू (कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन्स, अर्थ तपासणारे प्रश्न) म्हणतात. त्यांची उत्तरं एका-दोन शब्दांत देता यावीत, आणि जो काळ शिकवताय तोच काळ प्रश्नात येऊ नये. हे प्रश्न वर्गात उभ्या उभ्या सुचत नाहीत, घरून लिहून न्या.

क्रमही लक्षात ठेवा: आधी अर्थ, मग उच्चार, मग फळ्यावर लेखी रूप. लेखी रूप आधी दिलं की माणसं अक्षरं वाचून उच्चार करतात आणि ती सवय मोडणं जड जातं. वाक्य सगळ्यांकडून एकत्र म्हणवून घ्या, मग एकेकाकडून. लांब वाक्य जिभेवर बसत नसेल तर शेवटाकडून बांधत या: आधी ‘थ्री इयर्स’, मग ‘फॉर थ्री इयर्स’, मग ‘हिअर फॉर थ्री इयर्स’.

वाचन किंवा ऐकण्याच्या तासाचा साचा वेगळा. विषयाची ओढ लावणारा छोटा प्रश्न, ज्यांच्यावाचून अडेल असे चार-पाच शब्द, पहिल्या वाचनाला ढोबळ अर्थाचा एकच प्रश्न, दुसऱ्या वाचनाला बारीक तपशिलाचे प्रश्न, आणि शेवटी त्या विषयावर आपापसांत बोलणं. प्रत्येक उत्तर आधी शेजाऱ्याशी पडताळून बघू द्या. जोडीदाराशी बोलून झालं की घाबरणाराही वर्गात तोंड उघडतो. शेवटचं बोलणं वेळेअभावी कधी कापू नका, त्यासाठीच बाकीचं सगळं केलेलं असतं. वेळ कमी पडणार असं दिसलं तर मधला एखादा सराव सोडा.

आणि गप्प राहायला शिका. प्रश्न विचारल्यावर येणारी शांतता नव्या शिक्षकाला सहन होत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. समोरचा मनात वाक्य जुळवत असतो, त्याला वेळ द्या. जोड्यांमध्ये बोलणं चालू असताना मध्ये पडू नका. जवळून फिरा, कानावर पडेल ते कागदावर टिपा.

चुकांचं काय करायचं, हा सगळ्यांचा प्रश्न असतो. आमच्या वर्गात एक वयस्क गृहस्थ होते, आपल्या कामाबद्दल फार उत्साहाने बोलायचे. एका प्रशिक्षणार्थीने त्यांना वाक्याच्या मध्येच तीन वेळा थांबवलं. चौथ्या वेळी ते नुसतं हसले, आणि त्या तासात पुन्हा बोलले नाहीत. पुढच्या तासाला दुसऱ्या मुलीने त्यांची वाक्यं टिपून घेतली. शेवटच्या पाच मिनिटांत कोणाचंही नाव न घेता फळ्यावर ‘आय ॲम अग्री’ आणि आणखी चार वाक्यं लिहिली, त्यातली दोन बरोबर होती. मग जोड्यांना शोधायला सांगितलं. स्वतःची चूक त्या गृहस्थांनीच पकडली. अचूकतेचा सराव चालू असेल तेव्हा लगेच दुरुस्त करायला हरकत नाही. माणूस काही सांगू पाहतोय तेव्हा मात्र थांबायचं.

६. फीडबॅक घेणं हेही कौशल्य आहे

टीपी झाली की गट एकत्र बसतो. आधी तुम्ही स्वतः बोलता, मग सहकारी, मग ट्यूटर. लेखी शेरा मिळतो आणि त्यात तास अपेक्षित पातळीला उतरला की नाही हे स्पष्ट लिहिलेलं असतं. सुरुवातीचा एखादा तास पातळीखाली गेला तर हात-पाय गाळू नका. कोर्सभर तुमची चढण बघितली जाते, सरासरी काढली जात नाही. घातक काय, तर एकच सूचना तीन शेऱ्यांत पुन्हा पुन्हा येणं. म्हणून मागच्या शेऱ्यातल्या दोन सूचना पुढच्या प्लॅनच्या पहिल्या पानावर ‘या वेळी यावर काम’ म्हणून लिहा. ट्यूटर तास बघताना तेच शोधत असतो.

सहकाऱ्यांच्या तासाला मागे बसून आपला प्लॅन लिहायचा मोह होतो. तो आवरा. दुसऱ्याच्या तासात शिकणाऱ्यांचे चेहरे वाचायला मिळतात, आपल्या तासात तेवढी उसंत नसते.

७. लेखी काम

सेल्टात चार असाइनमेंट असतात, प्रत्येकी ७५० ते १००० शब्दांच्या: एका शिकणाऱ्याचा अभ्यास, भाषेचं विश्लेषण, वाचन-ऐकण्याच्या कौशल्यावर आधारित तास, आणि स्वतःच्या शिकवण्याचं परीक्षण. प्रत्येक असाइनमेंट एकदा दुरुस्त करून पुन्हा देता येते. परत आली म्हणून घाबरू नका, पुष्कळांची येते. शब्दमर्यादा पाळा, घेतलेल्या मजकुराचा आधार नोंदवा, आणि दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देऊ नका. ही एक गोष्ट केंद्र माफ करत नाही.

ट्रिनिटीत एक फार सुंदर भाग आहे. तुम्हाला अजिबात न येणाऱ्या भाषेचे चार तास त्याच भाषेतून शिकवले जातात आणि तुम्ही त्याची रोजनिशी ठेवता. पहिल्या दहा मिनिटांत काय वाटतं, शिक्षकाच्या हातवाऱ्यांना आपण किती चिकटून राहतो, हे एकदा अंगावर घेतलं की नवशिक्याच्या वर्गात आपलं बोलणं आपोआप कमी आणि स्पष्ट होतं. सेल्टा करणाऱ्यांनीही एखाद्या अनोळखी भाषेच्या तासाला जाऊन बसावं.

८. प्रमाणपत्रानंतर

सेल्टात श्रेणी पास, पास बी आणि पास ए अशा असतात. पहिल्या नोकरीसाठी साधा पास पुरतो, त्यामुळे ‘ए’च्या मागे लागून झोप घालवू नका. परदेशी जायचं असेल तर तिथल्या व्हिसाचे नियम कोर्सला पैसे भरण्याआधीच बघा. पुष्कळ देशांत पदवी लागते, आणि काही देश शिक्षकांचे व्हिसा ठरावीक देशांच्या नागरिकांनाच देतात. तिथे सेल्टा असूनही अडतं.

पहिली नोकरी निवडताना पगाराबरोबर हेही विचारा: आठवड्याला किती तास शिकवायचं, तयारीच्या वेळेचे पैसे मिळतात का, साहित्य कोण पुरवतं, आणि वरिष्ठ शिक्षक अधूनमधून तास बघून बोलतात का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारी जागा थोड्या कमी पगाराची असली तरी पहिली दोन वर्षं तिथेच काढा. कोर्समध्ये मिळालेले सहा तास म्हणजे केवळ पाया असतो. तशी सोय नसेल तर एखाद्या सहकाऱ्याला महिन्यातून एकदा तुमच्या तासाला मागे बसायला सांगा, तुम्ही त्याच्या तासाला बसा. बसताना घड्याळ लावून एवढंच मोजा: शिक्षक किती मिनिटं बोलला आणि वर्ग किती मिनिटं.